ग्रेस, कृपा आणि थकलेला हप्ता

माझ्या वहीत ऑक्टोबरच्या पानांवर एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, ग्रेस. नावापुढे हप्त्याची तारीख, तिच्यापुढे ग्रेस कधी संपतो ती तारीख, आणि त्या तारखेभोवती लाल पेनाचा गोल. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर आणि पारोळा तालुक्यांतल्या खेड्यांत मी विम्याचं काम करते, आणि आमच्याकडे हप्ते अडकतात ते याच दिवसांत. कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते, पण विकलेली नसते. ओला कापूस व्यापारी भाव पाडून मागतो, म्हणून जो तो थांबतो. "ताई, कापूस घरमा पडेल शे, भाव नही," असं म्हणून माणूस जरा थांबतो आणि हळूच विचारतो, "गिरेस शे ना?"

आहे, असं मी सांगते. ग्रेस म्हणजे हप्त्याची तारीख उलटल्यावरही तो भरायला मिळणारी मुदत. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्ता असेल तर निदान तीस दिवस, मासिक असेल तर पंधरा. तेवढ्या दिवसांत व्याज नाही, दंड नाही आणि विमा पूर्ण चालू.

परवा एका ग्राहकाच्या मुलीने मला वेगळंच विचारलं. ती प्रताप महाविद्यालयात इंग्रजी घेऊन बी.ए. करते. म्हणाली, "मावशी, आमच्या अभ्यासात ग्रेस म्हणजे ईश्वराची कृपा असं शिकवलंय. मग विम्याच्या हप्त्याला कृपा कशी काय लागते?" तिच्या ओट्यावर बसून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते, कारण हा शब्द माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि त्याच्या आडून लोकांना उगाच लाचार व्हावं लागतं हे मी पाहत आले आहे.

मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो विम्यात नाही. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. आप्पा लोको शेडमध्ये होते. शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं, त्यांच्यातले अंकल मेल गाड्यांवर गार्ड होते. त्यांच्याकडे खेळायला गेलं की कधीकधी जेवायच्या वेळेपर्यंत थांबणं व्हायचं. टेबलावर भात, डाळ आणि पाव, सगळं एकत्रच. हात पुढे केला की आंटी म्हणायच्या, थांब, आधी ग्रेस. मग सगळे डोळे मिटायचे, आंटी इंग्रजीत दोन ओळी पुटपुटायच्या, शेवटी आमेन. त्या दोन ओळींत अन्नाबद्दल देवाचे आभार असतात, हे मला पुढे कळलं. आमच्या घरी आप्पा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती ठेवत आणि मगच पहिला घास घेत. त्यामुळे ग्रेस म्हणजे जेवणाआधीचं काहीतरी, असंच माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होतं.

तो अर्थ चुकीचा नव्हता. मूळ लॅटिन शब्द ग्राशिया. ज्याच्या मनाला जे भावतं, रुचतं त्यासाठीच्या शब्दापासून तो आला. त्याचे दोन अर्थ एकत्रच चालत आले आहेत. देणाऱ्याने मनापासून दिलेली मेहेरबानी हीही ग्राशिया, आणि घेणाऱ्याने मानलेले आभार हीही ग्राशियाच. स्पॅनिश माणूस 'ग्रासियास' म्हणतो, इटालियन 'ग्राझिए' म्हणतो, म्हणजे आभारच मानतो. आंटींची जेवणाआधीची ग्रेस याच दुसऱ्या बाजूची. इंग्रजीतला आभाराचा 'ग्रॅटिट्यूड', अभिनंदनाचा 'काँग्रॅच्युलेशन', फुकटचा 'ग्रॅटिस', निवृत्तीच्या वेळची 'ग्रॅच्युइटी' ही सगळी एकाच घरातली भावंडं.

याच्या जोडीचा ग्रीक शब्द आहे, खारिस. त्याचा जुना अर्थ लावण्य, डौल, मनाला मोहवणारी गोष्ट. ग्रीक पुराणांत तीन देवी आहेत, अग्लाया, युफ्रोसिने आणि थालिया. त्यांना इंग्रजीत 'थ्री ग्रेसेस' म्हणतात. नऊवारी नेसलेल्या एखाद्या आजींना आपण 'किती ग्रेसफुल दिसतात' म्हणतो, तो अर्थ याच बाजूचा. पुढे ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळात संत पौलाने आपल्या पत्रांत हाच ग्रीक शब्द घेतला आणि त्यात मोठा अर्थ भरला. माणूस तरतो तो देवाच्या कृपेने, स्वतःच्या कर्माच्या जोरावर नाही, ही देणगी आहे, म्हणून कोणी फुशारकी मारू नये, असं तो सांगतो. मराठी बायबलमध्ये या ठिकाणी कृपा हाच शब्द आहे. नवापूर, चिंचपाडा भागात भिल्ल, मावची, गावित समाजातली पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती आहेत. त्यांच्या प्रार्थनेत हा शब्द कानावर पडतो तेव्हा तो आपल्या कीर्तनातल्या कृपेहून वेगळा वाटत नाही.

पण या कृपेवरून फार मोठी भांडणं झाली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलेजियस नावाच्या, मूळच्या ब्रिटनच्या माणसाचं म्हणणं होतं की माणसाला देवाने चांगलं-वाईट निवडण्याची ताकद दिली आहे, ती वापरून तो स्वतः सुधारू शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याने त्याला कडाडून विरोध केला. त्याच्या मते चांगलं करावंसं वाटणं हेदेखील आधी कृपा झाली म्हणूनच घडतं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसची मतं नाकारली. अकराशे वर्षांनी, १५१७ नंतर, जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने पुन्हा हाच मुद्दा पुढे आणला. पैसे भरून पापाची शिक्षा कमी करून घेता येते, असं लोकांना सांगितलं जात होतं, त्याने त्यावर बोट ठेवलं. फक्त कृपेने, हे त्याच्या पंथाचं एक ब्रीद झालं.

हे वाचताना मला आपल्याकडचा वाद आठवला. रामानुजांच्या परंपरेत, दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत, दोन शाखा झाल्या. एक म्हणते मर्कटन्याय, म्हणजे माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं, तसं भक्ताने धरून राहायला हवं. दुसरी म्हणते मार्जारन्याय, मांजर पिल्लाला तोंडात धरून उचलून नेते, पिल्लाला काहीच करावं लागत नाही. ऑगस्टीन आणि मांजरवाले वैष्णव एका पंगतीत बसले असते तर त्यांचं जमलं असतं, असं मला वाटतं. शैवांनी तर शिवाची पाच कामं सांगितली, सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव म्हणजे झाकून ठेवणं, आणि पाचवं अनुग्रह. निर्माण करणं आणि मोडणं जितकं मोठं, तितकंच जवळ घेणं मोठं, म्हणून ते वेगळं मोजलं.

अनुग्रह हा शब्द आमच्या अमळनेरात पुस्तकी नाही. बोरी नदीकाठी संत सखाराम महाराजांचं संस्थान आहे. वैशाखात इथे यात्रा भरते, एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. संस्थानच्या गादीवरच्या महाराजांकडून अनुग्रह घेतला की गळ्यात तुळशीची माळ येते आणि माणूस काही गोष्टी सोडतो. माझ्या सासूबाईंनी अनुग्रह घेतलेला होता. त्या कधी असं म्हणाल्या नाहीत की मी इतके उपास केले म्हणून महाराजांनी मला अनुग्रह दिला. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं की मिळाला. माळ मिळाल्यावर मात्र त्या वागायला फार कडक होत्या, स्वतःशी. आधी मिळालं आणि मग त्यांनी त्याला शोभेल असं वागायचा प्रयत्न केला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. व्यवहारात याच्या उलटं असतं. तिथे आधी हप्ता भरायचा, मग संरक्षण.

आता हा शब्द देवळातून आणि चर्चमधून बाहेर कसा पडला ते सांगते.

राजाकडून जे काही मिळायचं ते त्याच्या मर्जीने, म्हणून राजाची मर्जी हीही ग्रेस. इंग्लंडच्या राजांना 'युवर मॅजेस्टी' हे संबोधन रूढ होण्याआधी 'युवर ग्रेस' म्हणत. आज ते ड्यूक आणि आर्चबिशप यांच्यापुरतं उरलं आहे. राजाला स्वतःला गादी मिळाली ती देवाच्या कृपेने, असं ब्रिटिश नाण्यांवर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं, देई ग्राशिया. १८४९ साली व्हिक्टोरिया राणीचं फ्लोरिन नावाचं नवं नाणं निघालं, त्यावर हे शब्द नव्हते. लोक इतके बिथरले की त्या नाण्याला 'ग्रेसलेस फ्लोरिन' असं नाव पडलं आणि १८५१ साली शब्द परत कोरून नवं नाणं काढावं लागलं.

व्यापारात तो शिरला तो मुदतीच्या रूपाने. ठरलेल्या तारखेला पैसे आले नाहीत म्हणून लगेच कोर्टात जायचं नाही, थोडे दिवस द्यायचे, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत. सुरुवातीला ती खरोखर सावकाराची मर्जी होती. मग रीतीचा कायदा झाला. आपल्याकडचा १८८१ चा परक्राम्य दस्तऐवज कायदा, ज्याखाली आज चेक बाउन्सचे खटले चालतात, त्याच्या २२ व्या कलमात मुदतीच्या वचनचिठ्ठीला आणि हुंडीसारख्या कागदाला ठरल्या तारखेनंतर तीन दिवस दिलेले आहेत. इंग्रजीत त्यांचं नाव 'डेज ऑफ ग्रेस'. नाव कृपेचं, पण ते तीन दिवस मागावे लागत नाहीत, ते मिळतातच. विम्यातले तीस दिवस याच जातीचे आहेत.

परीक्षेतले ग्रेस मार्क, आमच्या पोरांना सगळ्यांत ओळखीचे, तेही तसेच. "ग्रेसवर निघाला" हे वाक्य निकालाच्या दिवशी गल्लीगल्लीत ऐकू येतं आणि त्यात कमीपणाचा सूर असतो. मला तो आवडत नाही. ते मार्क कोणा मास्तरने दया येऊन दिलेले नसतात. नियमात बसला म्हणून दिलेले असतात आणि जो जो नियमात बसतो त्या प्रत्येकाला मिळतात. ग्रॅच्युइटीचंही तसंच आहे. कधीकाळी ती मालकाची खुशी होती, नोकराने इमानाने काम केलं म्हणून जाताना दिलेली बक्षिशी. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला ती द्यावीच लागेल, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने द्यावी लागेल, असं ठरलं. ती बक्षिशी नसून हक्क आहे, असं न्यायालयांनीही स्पष्ट सांगितलं आहे. नाव मात्र खुशीचंच राहिलं.

माझं म्हणणं इथे येतं. नाव जुनं राहिलं की वागणं जुनं राहतं. काउंटरच्या आतला माणूस देणाऱ्याच्या रुबाबात बसतो आणि बाहेरचा माणूस मागणाऱ्यासारखा वाकतो.

काही वर्षांपूर्वी पारोळा तालुक्यातल्या एका गावात माझ्या एका ग्राहकाला विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागला. जागीच गेला. चाळिशीही झाली नव्हती. वर्षाचा हप्ता थकलेला होता. कापूस विकला की भरतो, असं मला आठवड्यापूर्वी फोनवर म्हणाला होता. दहावं झाल्यावर मी त्याच्या घरी गेले. पत्नी भिंतीला टेकून बसलेली, बोलत नव्हती. सासू म्हणाली, हप्ता नही भरेल, आते काय भेटी. दारातले दोन-चार पुरुषही तेच म्हणत होते, पॉलिसी बुडाली. मी तारीख काढून दाखवली. ग्रेस संपायला अजून अवकाश होता आणि मृत्यू त्याच्या आत झाला होता. अशा वेळी विमा पूर्ण चालू धरतात, थकलेला हप्ता तेवढा कापून बाकीची रक्कम नॉमिनीला मिळते.

कागद गोळा केले. मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, पॉलिसीचा मूळ कागद, बँक पासबुक. रक्कम खात्यात आली त्या दिवशी सासू माझ्या पाया पडायला वाकली. "तुमनी मेहेरबानी, ताई." मी तिला धरून वर केलं आणि शेजारी बसवलं. म्हणाले, आजी, माझी नाही, आणि साहेबाचीही नाही. तुमच्या मुलाने इतकी वर्षं हप्ते भरले, कागदावर लिहून दिलेलं होतं, ते दिलं. तिला पटलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "देवनी कृपा." तिथे मी काही बोलले नाही. देवाची कृपा म्हणायचा तिला पूर्ण अधिकार होता. आठवडा इकडेतिकडे झाला असता तर तीस दिवस उलटून गेले असते.

त्याच घराला आणखी एक कागद लागला आणि त्याच्यामुळेच मला हे सगळं लिहावंसं वाटलं. महाराष्ट्र सरकारची शेतकरी अपघाताची योजना आहे. आधी ती विमा योजना होती, २०२३ पासून सरकार थेट पैसे देतं, आणि तिचं आताचं नाव आहे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये. विजेचा धक्का, सर्पदंश, वीज पडणं हे सगळं त्यात बसतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. त्या नावातला सानुग्रह शब्द पाहा. स-अनुग्रह. सासूबाईंच्या माळेतला अनुग्रह सरकारी फायलीत जाऊन बसला. इंग्रजीत याला 'एक्स ग्रेशिया' म्हणतात, म्हणजे पुन्हा तीच लॅटिन ग्राशिया. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा की देणाऱ्यावर देण्याची जबाबदारी आहे असं तो मान्य करत नाही, तरी देतो. विम्याचा करार असतो, सानुग्रह रकमेचा करार नसतो, हा फरक मला माहीत आहे आणि तो खरा आहे.

तरीही माझं मत असं आहे. ज्या रकमेच्या अटी सरकारने छापून जाहीर केल्या, कोण बसतो आणि कोण नाही हे वयासकट ठरवलं, ती रक्कम त्या अटींत बसणाऱ्या घराने ताठ मानेने मागावी. कृषी कार्यालयाच्या पायऱ्यांवर हात जोडून उभं राहू नये. फाईल आत देताना पोच घ्यावी, तारीख लिहून घ्यावी, त्रुटी असेल तर ती लेखी मागावी. मी त्या सुनेला हेच शिकवलं. दुसऱ्या खेपेला ती एकटी गेली आणि पोच घेऊन आली. घरी येऊन तिने ती डब्यात ठेवली, पॉलिसीच्या कागदाशेजारी.

आणि खरी कृपा? ती मला मुळीच कमी करायची नाही. गेल्या श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद जमतात, रोटाचा, म्हणजे प्रसादाचा, गहू मोजून घेतात, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी कानबाईला वाजतगाजत नदीवर नेतात. सुरत आणि पुण्याहून पोरं येतात, वर्षभर न बोललेले दोन भाऊ एका ताटातला रोट खातात. याचा कुठे अर्ज नाही आणि पोच नाही, कोणी कोणाला काही देणं लागत नाही. भुसावळच्या आंटी दुसऱ्याच्या पोरीला टेबलावर जागा करून द्यायच्या, तेही कोणत्या नियमात बसत नव्हतं. असल्या ठिकाणी कृपा म्हणावं, ग्रेस म्हणावं, डोळे मिटावेत. विम्याच्या शाखेत, बोर्डाच्या निकालात, तहसीलच्या आवारात जे मिळतं ते घेताना डोळे उघडे ठेवून कागद नीट वाचावा.

बी.ए.च्या मुलीने हे ऐकून आणखी एक प्रश्न टाकला. मग वर्तमानपत्रात 'निसर्गाची अवकृपा' छापतात ते काय? खरंच, आमच्या भागात पाऊस लांबला किंवा वेचणीच्या तोंडावर अवकाळी आला की हा मथळा ठरलेला. मला तो पटत नाही, हे मी तिला सांगितलं. पावसाला बोरीकाठच्या माणसाशी भांडण नाही. अवकृपा म्हटलं की शेतकऱ्याने काहीतरी पाप केलं असावं असा वास येतो, आणि पंचनामा उशिरा झाला, पीकविम्याची मुदत निघून गेली, हे सगळं त्या शब्दाखाली झाकलं जातं. पाऊस किती मिलिमीटर पडला, पंचनामा कोणत्या तारखेला झाला, हे छापलं तर आमच्या उपयोगाचं होईल.

ज्यांचे हप्ते या दिवसांत येतात त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवते. ग्रेसचे दिवस हप्त्याच्या तारखेपासून मोजतात, पावती किंवा मेसेज आल्यापासून नाही. मासिक हप्त्याला पंधराच दिवस आहेत, तीस धरून बसू नका. घरात कोणी गेलं आणि हप्ता थकलेला असेल तर पॉलिसी बुडाली असं कोणीही म्हणो, आधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहा, हप्त्याची आणि मृत्यूची. शेतकरी अपघात योजनेचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो, दुःखात तेवढे दिवस पटकन निघून जातात. म्हणून शेजाऱ्यांनी, भाऊबंदांनी, गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी तो भरून द्यावा.